‘सी.ए. इंटर’ लिहावे की लपवावे?

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी दहावी-बारावीत यशस्वी झालेल्या विद्यार्थ्यांची नावे छापली जातात. पदवीधरांची यादी असते, नोकरीत बढती मिळालेल्यांचे अभिनंदन असते. परंतु परीक्षा देता देता मध्येच अडकलेल्यांची यादी कोणी छापत नाही. ती छापायची ठरवली तर पाने पुरणार नाहीत, असे मी संपादक मंडळातील एका कार्यकर्त्याला गमतीने म्हणालो. त्यावर "मग त्याच विषयावर तुम्ही लिहा" असे म्हणून त्यांनी काम माझ्याच गळ्यात घातले. म्हणून हा लेख.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी अनेक वर्षे नोकरी केली. शेवटची काही वर्षे नवीन माणसांचे अर्ज चाळून पुढे पाठवण्याचे कामही माझ्याकडे असे. निवृत्तीनंतर पेण, रोहा, नागोठणे भागातील मुले-मुली आपला बायोडाटा दाखवायला घरी येतात. त्यातील दोघांची हकिकत आधी सांगतो. नावे अर्थातच देत नाही.

पहिली मुलगी पेणची. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. तिच्या बायोडाटात बी.कॉम., २०१९ एवढेच लिहिले होते. त्यानंतर सहा वर्षांची जागा कोरी. मी विचारले, "मधल्या काळात काय केलेस?" ती खाली मान घालून म्हणाली, "काका, सी.ए. करत होते. इंटर झाले, आर्टिकलशिप झाली, फायनलला दोनदा बसले, पण निघाले नाही. जे झालेच नाही ते कशाला लिहायचे?" या कोऱ्या सहा वर्षांमुळे तिला एका ठिकाणी नुसते बिलांच्या नोंदी टाकायचे काम देऊ केले होते. पगार बारावी झालेल्या मुलाचा. इंटरचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, तीन वर्षे पनवेलच्या ऑफिसात ऑडिटचा अनुभव, आणि हे सर्व तिने लाजेपायी खोडून टाकलेले!

दुसरा मुलगा रोह्याचा. त्याची हकिकत जुनी आहे, आमच्याच कारखान्यातली. त्याने आपल्या नावाच्या पुढेच ‘सी.ए.’ असे ठळक अक्षरात लिहिले होते आणि खाली बारीक अक्षरात ‘इंटर’. प्रत्यक्षात इंटरचा एकच ग्रुप झालेला. मुलाखतीला मुंबईहून आलेल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "तुमचा मेंबरशिप नंबर काय?" मुलगा गप्प. साहेबांनी कागद मिटून बाजूला ठेवले. पुढे काहीही विचारले नाही. खेदाची गोष्ट अशी की त्या जागेच्या जाहिरातीत ‘बी.कॉम.; सी.ए. इंटरचा अभ्यास असल्यास प्राधान्य’ असे स्पष्ट छापले होते. त्याने खरे तेच लिहिले असते तर ती जागा त्याच्यासारख्याचीच होती.

एकाने लपवले, दुसऱ्याने फुगवले. दोघांच्याही मनात भीती एकच होती, की अर्धी परीक्षा म्हणजे शून्य. या समजुतीने आपल्या मुलांचे फार नुकसान होते. ज्यांच्या घरात वकील, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट आधीपासून आहेत त्यांना घरातच कोणी सांगते की इंटर झालेल्या माणसाला बाजारात काय किंमत आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या मुलांना ते कोण सांगणार?

पालकांसाठी थोडे स्पष्ट करतो. शाळा-कॉलेजची परीक्षा वर्षाला एक याप्रमाणे संपते. व्यावसायिक परीक्षा तशी नसते. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याच वर्षी १ जुलैला या व्यवसायाची संस्था स्थापन झाली. तिच्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत : फाउंडेशन, इंटरमिजिएट व फायनल. ठरावीक टक्के मिळवलेल्या पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरला जाता येते. इंटर व फायनल या दोन्ही परीक्षा दोन-दोन ग्रुपच्या असतात. प्रत्येक विषयात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के मिळाले तरच ग्रुप निघतो. म्हणजे तिन्ही विषयांत ४५-४५ गुण मिळवणारा मुलगा कॉलेजात सुखाने पास झाला असता, तो येथे नापास. याखेरीज एखाद्या सी.ए.च्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावे लागते, ती आर्टिकलशिप. ती बरीच वर्षे तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. तेव्हा मुलगा किंवा मुलगी "अजून सी.ए.च करते आहे" असे शेजारी कुजबुजतात, त्यात आळसाचा भाग असेलच असे नाही. परीक्षाच तशी आहे.

इंटर झालेल्या मुलाला ताळेबंद कळतो, कंपनी कायदा व करांची ओळख असते. आर्टिकलशिप झालेल्याने जी.एस.टी.ची विवरणपत्रे भरलेली असतात, टी.डी.एस. पाहिलेला असतो, बँकेच्या पासबुकाशी वह्यांचा मेळ घातलेला असतो, गोदामात जाऊन माल मोजलेला असतो. असा माणूस कारखान्याला हवाच असतो. पूर्ण सी.ए.ला द्यावा लागतो तेवढा पगार द्यायचा नसतो, पण काम समजणारा हवा असतो. म्हणून तर जाहिरातींत ‘सेमी क्वालिफाइड’ असा शब्द छापतात. तो शब्द मला फारसा आवडत नाही, पण त्या शब्दाने अनेक घरे चालली आहेत.

आता एक गोष्ट जी आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल, पण या अंगाने पाहिली नसेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विलायतेतील अभ्यास मुख्यतः अर्थशास्त्राचा, त्यातही सार्वजनिक वित्ताचा. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवहार या विषयावर लिहून ते एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावरील प्रबंध सादर केला. परंतु त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी मिळत नसे. छपाईला पैसा हवा, तो कोठून आणणार? पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, तोच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मिळवून ठेवली होती.

म्हणजे १९१८ साली स्थिती काय होती पहा. न्यूयॉर्कची डॉक्टरेट कागदावर पुरी नाही, लंडनचा अभ्यास मध्येच थांबलेला. पूर्णपणे हाती असलेली मोठी पदवी म्हणजे एम.ए. तेवढ्यावर त्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते राज्य-अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दोन डॉक्टरेट अपुऱ्या असलेला माणूस प्राध्यापक! अपुरे राहिलेले शिक्षण त्यांच्या आड आले नाही, आणि नोकरी मिळाली म्हणून ते शिक्षण त्यांनी सोडलेही नाही. पगारातून पैसे साठवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत केला, सुधारून आणा म्हणून सांगितले. तो पुन्हा लिहून १९२३ मध्ये ती पदवी मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तो हाच. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला, आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ साली. ज्या वर्षी मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेच हे वर्ष. प्रबंध १९१६ चा आणि पदवी १९२७ ची. अकरा वर्षे!

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. १९२० मध्ये लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांनी एका पत्रात, आंबेडकरांनी डॉक्टरेट यापूर्वीच घेतली आहे अशा अर्थाचे लिहिले होते. प्रबंध झाला होता म्हणून त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु विद्यापीठाच्या दप्तरात पदवीची नोंद १९२७ चीच. दुसरे लोक आपल्याविषयी पुढचे बोलतात. गावात तर इंटर झाल्याबरोबर "आमचा सी.ए." म्हणून हाक मारायला सुरुवात होते, सत्काराच्या फलकावरही तसेच रंगवतात. कार्यकर्त्यांनो, कृपा करून असे फलक रंगवू नका. मुलाला मग खरे सांगायची चोरी होते.

काम पुरे होणे आणि पदवी हाती येणे यांतला हा फरक सी.ए.मध्येही आहे. फायनल पास झालेला माणूससुद्धा लगेच चार्टर्ड अकाउंटंट होत नाही. संस्थेकडे अर्ज करून, शुल्क भरून सभासद म्हणून नाव नोंदले गेले की मग तो आपल्या नावाशी ते बिरुद लावू शकतो. सभासद नसताना ते लावणे हा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे शिक्षापात्र गुन्हा आहे. शिवाय सभासदांची नावे संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. म्हणजे रोह्याच्या त्या मुलाची गोष्ट आज मुलाखतीपर्यंतही पोहोचली नसती.

तेव्हा प्रत्यक्षात लिहावे कसे? बायोडाटाच्या शिक्षणाच्या भागात, पदवीच्या जवळ, वेगळ्या ओळीत लिहावे. नावाच्या पुढेमागे काही जोडू नये. पेणच्या त्या मुलीसाठी आम्ही दोघांनी बसून ओळ तयार केली ती अशी : ‘सी.ए. इंटरमिजिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, नोव्हेंबर २०२०. आर्टिकलशिप तीन वर्षे पूर्ण. फायनल परीक्षा बाकी.’ अर्ज बहुधा इंग्रजीत करावा लागतो, तेथेही शब्द इतकेच. आणि आर्टिकलशिपची ही तीन वर्षे केवळ शिक्षणात न घालता अनुभवाच्या भागात पुन्हा सविस्तर मांडली : किती ऑडिटांवर काम केले, कोणत्या प्रकारच्या व्यवसायांची, जी.एस.टी.चे काय केले, टॅली येते का. अशिलांची नावे मात्र लिहायची नाहीत, ती त्या ऑफिसची खासगी बाब असते. पाहता पाहता कोरी सहा वर्षे भरून गेली.

एकच ग्रुप झाला असेल तर ‘ग्रुप एक उत्तीर्ण’ असे लिहा, महिना व वर्षासह. परीक्षा दिली असून निकाल लागायचा असेल तर तसे लिहा. परीक्षेचे नाव गुणपत्रिकेवर जसे छापले आहे तसेच द्या. या एकाच टप्प्याला वेगवेगळ्या काळी इंटर, पी.ई. दोन, पी.सी.सी., आय.पी.सी.सी. आणि पुन्हा इंटरमिजिएट अशी नावे होती. आपल्यातील चाळिशीच्या पुढच्या सभासदांनी आपल्या काळचे नाव लिहावे, हिशेबाच्या साहेबांना ते बरोबर कळते.

कितीदा नापास झालो हे लिहावे का? माझ्या मते लिहिण्याचे कारण नाही. बायोडाटा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. मात्र मुलाखतीत विचारले तर खरा आकडा सांगावा, आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळावे. रडगाणे लावू नये.

‘पर्स्यूइंग’ या इंग्रजी शब्दाविषयी माझी तक्रार आहे. बायोडाटात हा शब्द हल्ली मिठासारखा वापरतात. ज्याने चार वर्षांत अर्ज भरला नाही, ज्याच्या नोंदणीची मुदतही संपून गेली, तोही ‘पर्स्यूइंग सी.ए.’ लिहितो. साहेब विचारतात, "पुढची परीक्षा कधी देणार?" आणि मग ततपप होते. अभ्यास खरोखर चालू असेल, पुढच्या परीक्षेला बसायचे ठरले असेल तरच तो शब्द लिहावा. सोडून दिले असेल तर जेवढे उत्तीर्ण झाले तेवढेच लिहून थांबावे. सोडले हा काही कलंक नाही. केवळ फाउंडेशन होऊन दहा वर्षे झाली असतील तर ती ओळ काढूनच टाका, त्या जागी कामाचा अनुभव लिहा.

मालकाच्या मनातही भीती असते, ती समजून घ्यावी. त्याला वाटते, हा परीक्षेच्या आधी दोन महिने रजा मागणार, आणि पास झाला की मुंबईला पळणार. म्हणून फायनल द्यायची असल्यास रजा किती लागेल ते आधीच सांगितलेले बरे. कित्येक ठिकाणी मान्य करतात. नाही म्हणाले तर निदान पुढचा वाद टळतो.

इतर परीक्षांचे थोडक्यात. कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा, जिला जुने लोक आय.सी.डब्ल्यू.ए. म्हणतात व आता सी.एम.ए. म्हणतात, तिचेही फाउंडेशन, इंटर, फायनल असे टप्पे आहेत. धाटावसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत उत्पादन खर्चाचा हिशेब सतत लागतो, म्हणून तिचे इंटरदेखील अवश्य लिहावे. कंपनी सेक्रेटरीचे एक्झिक्युटिव्ह उत्तीर्ण असल्यास तसेच. अमेरिकेतील संस्थेच्या सी.एफ.ए. परीक्षेकडे आता आपली काही मुले वळू लागली आहेत. तिचे तीन स्तर आहेत व पुढे कामाचा अनुभवही लागतो. त्या संस्थेचा नियम कडक आहे : ‘पहिला स्तर उत्तीर्ण’ असे लिहिता येते, पण ‘सी.एफ.ए. लेव्हल एक’ हे बिरुदासारखे नावाला जोडता येत नाही, आणि पुढच्या परीक्षेसाठी नाव नोंदवलेले नसेल तर स्वतःला उमेदवारही म्हणवता येत नाही.

आपल्या भागात अधिक उपयोगी परीक्षा म्हणजे सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. पदवीधराला नोकरी सांभाळून ती देता येते. पेण-रोह्याच्या पतसंस्थांत काम करणाऱ्यांनी तिचे काही विषय काढले असतील तर तेही लिहावेत, मात्र किती विषय राहिले तेही सांगावे.

पतसंस्था व सहकारी बँकांच्या बाबतीत पेणकरांना वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले, बनावट कर्जखात्यांची प्रकरणे बाहेर आली आणि हजारो ठेवीदारांचे कष्टाचे पैसे अडकले. त्यात मोलमजुरी करणारी माणसे होती, मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेले आईबाप होते. कागदावरचा आकडा खोटा असला की काय होते हे ज्या गावाने भोगले, त्या गावात हिशेबाच्या नोकरीसाठी जाणाऱ्याने आपल्याच बायोडाटात एक शब्द वाढवून लिहिला तर त्याच्या हाती तिजोरीच्या वह्या कोण देणार? इतर खात्यांत कदाचित खपून जाईल. हिशेबात खपत नाही, कारण तपासणे हाच तेथे धंदा आहे. शिवाय नेमणूकपत्रात बहुतेक ठिकाणी एक कलम असते, की दिलेली माहिती खोटी आढळल्यास नोकरी कधीही संपुष्टात येईल. ते कलम सही करताना कोणी वाचत नाही.

सरकारी नोकरी व बँक भरतीच्या अर्जाची रीत निराळी आहे. तेथे आवश्यक अर्हता ठरलेल्या दिनांकापर्यंत पूर्ण हवी. निकाल दुसऱ्या दिवशी लागला तरी चालत नाही. अर्ध्या परीक्षेला तेथे गुण नसतात, म्हणून ज्या रकान्यात उत्तीर्ण पदवी मागितली आहे तेथे पदवीच लिहावी, रकाना ओढूनताणून भरू नये. जास्तीच्या शिक्षणासाठी वेगळा रकाना असेल तर तेथे इंटर लिहावे. नसेल तर मुलाखतीपर्यंत थांबावे.

पेणच्या त्या मुलीने नवा बायोडाटा तीन ठिकाणी पाठवला. दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका ठिकाणी तिला विचारले, "फायनल का राहिले?" ती म्हणाली, "दुसऱ्या ग्रुपला एकूण गुण कमी पडतात. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे, वीस दिवस रजा लागेल." तिला वीसऐवजी पंधरा दिवस कबूल केले व कामावर घेतले. पगार पहिल्या ठिकाणी सांगितला होता त्याहून पुष्कळच बरा. परवा तिचा फोन आला होता, की काका, ऑफिसातून आल्यावर रात्री डोळे मिटतात, अभ्यास होत नाही. त्यावर माझ्याजवळ उपाय नाही. पहाटे उठून पाहा म्हणालो.

पेण व रोहा येथील ज्या विद्यार्थ्यांना आपला बायोडाटा दाखवून घ्यायचा असेल त्यांनी कार्यकर्त्यांमार्फत निरोप द्यावा, मी सवडीने बसेन. येताना सर्व गुणपत्रिका, नोंदणीचे पत्र आणि आर्टिकलशिप पूर्ण झाल्याचा दाखला या मूळ प्रती आणाव्यात. नापास झालेल्या परीक्षांच्या गुणपत्रिकाही आणा. एखाद्या विषयात ६० च्या वर गुण असतील तर त्या विषयाची सूट मिळते, आणि कित्येकांना आपल्याला ती मिळाली आहे हे माहीतच नसते.